गावाला सगळं ठाऊक असतं: कुमारवयीन वाचकांसाठी लोकभयाची रहस्यकादंबरी कशी लिहावी

राक्षसाच्या वर्णनाने सुरू झालेली कादंबरी बहुधा चाळिसाव्या पानापाशी धापा टाकते. माझ्या दोन तिथेच गेल्या. शिंगं, डोळे, अंगाला येणारा चिखलाचा वास असं सगळं झकास लिहून झालं होतं; पुढे काय घडणार याचा मात्र पत्ता नव्हता. चूक तिसऱ्या खेपेला कळली. मी भुताचा विचार करत होते, गावाचा नाही.

फोक हॉरर, ज्याला मी इथे लोकभय म्हणेन, हे नाव सर्वदूर झालं ते २०१० साली. ब्रिटिश अभिनेते-लेखक मार्क गॅटिस यांनी बीबीसीच्या माहितीपटात १९६८ ते १९७३ दरम्यानच्या तीन ब्रिटिश चित्रपटांना त्या नावाखाली एकत्र बांधलं. पुढे २०१७ मध्ये लेखक अ‍ॅडम स्कोव्हेल यांनी या प्रकाराची एक साखळी मांडली: भूप्रदेश, त्यातून येणारं तुटलेपण, तुटलेपणातून वाकडी झालेली श्रद्धा, आणि त्या श्रद्धेपोटी शेवटी घडणारी घटना. चारही कड्या नीट बघा. त्यांत भूत असलंच पाहिजे असं कुठेच नाही. माणसं आहेत, आणि त्यांचं आपापसात ठरलेलं काहीतरी आहे.

म्हणून या कादंबरीतलं रहस्य ‘कोणी केलं?’ असं नसतं. ‘कोणाकोणाला माहीत होतं?’ असं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: हसवणारी लोककथा उचला

नवखा लेखक हमखास भीतीदायक लोककथा शोधतो. तिच्यातली भीती आधीच वापरून झालेली असते. त्यापेक्षा एखादी गमतीची गोष्ट घ्या आणि तिला एकच प्रश्न विचारा: यातली माणसं मूर्ख नसतील तर?

उदाहरणच घेऊ. दहा मूर्ख नदी ओलांडतात. पलीकडे गेल्यावर जो तो मोजतो आणि स्वतःला मोजायला विसरतो. नऊच भरतात. मग सगळे मिळून बुडालेल्या दहाव्यासाठी रडतात. ही गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली जाते की लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतःचा क्रमांक आहे, १२८७. आता समजा ते मूर्ख नाहीत. समजा नदीकाठी खरंच एक माणूस मोजदादीबाहेर ठेवावा लागतो, आणि ते रडणं खरं आहे. अंगावर काटा आला ना? हेच बी.

याच वर्गीकरणात ७८० क्रमांकाखाली खून झालेल्या भावंडाच्या हाडाची बासरी होते आणि ती वाजवताच खुन्याचं नाव गाते. म्हणजे लोककथेला रहस्यकथेचं वावडं कधीच नव्हतं. लोककथांचे अभ्यासक स्टिथ थॉम्पसन यांच्या कथाबीजांच्या सूचीत ‘सी’ या अक्षराखाली फक्त निषिद्ध गोष्टी आहेत: काय पाहू नये, काय बोलू नये, कुठे जाऊ नये. एक संध्याकाळ ती यादी चाळलीत तर वर्षभराचा ऐवज मिळेल.

एक पथ्य पाळा. गोष्टीचा सांगाडा घ्या, कुणाचा चालू असलेला विधी घेऊ नका. खऱ्या समाजाचं नाव घेऊन त्याला नरबळी देणारा ठरवणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत त्या समाजातल्या तुमच्याच वयोगटाच्या वाचकाला वर्गात मोजावी लागते.

दुसरी पायरी: करार एका वाक्यात लिहा

वाक्याचा साचा असा: अमुक मिळावं म्हणून गाव दर तमुक काळाने तमुक देतं. आपल्या उदाहरणात: बंधारा फुटू नये म्हणून गाव कायम एक माणूस मोजदादीबाहेर ठेवतं, पाणी झिरपू लागलं की तो माणूस पाण्याचा.

हे वाक्य लिहून झालं की त्यातला फायदा तपासा. फायदा खरा आणि मोठा हवा. बंधारा फुटला तर दोनशे माणसं जाणार असतील, तर गावकरी दुष्ट उरत नाहीत, हिशेबी होतात. हिशेबी माणसाची भीती जास्त वाटते, कारण त्याचं म्हणणं क्षणभर पटतं. बांधकामासाठी माणूस चिणण्याची कथा जगभर टिकून आहे ती यामुळेच. ग्रीस, सर्बिया, रुमानिया इथल्या लोकगीतांत दिवसा बांधलेलं रात्री ढासळतं, आणि बांधणाऱ्याची बायको भिंतीत गेल्याशिवाय काम उभं राहत नाही. ऐकणाऱ्याला त्या बाईसाठी रडू येतं आणि ते बांधकामही उभं राहायला हवं असतं. त्या दोन्हींमधली अडचण म्हणजे तुमची कादंबरी.

मोजण्याची भीतीही पोकळ नाही. बायबलमध्ये दावीद राजा शिरगणती करतो आणि पाठोपाठ रोगराई येते. इंग्लंडमधल्या रोलराइट इथल्या उभ्या दगडांची मोजणी कधीच जुळत नाही अशी आख्यायिका आहे. जिथे आकडा चुकवणं हेच संरक्षण मानलं जातं, तिथे शिरगणती करायला कोणी आलं तर? लगेच आपल्याला नायिका मिळते: सोळा वर्षांची मीरा, प्रगणक असलेल्या आईबरोबर त्या गावात आलेली.

तिसरी पायरी: ते ‘काहीतरी’ खरं आहे का, हे आजच ठरवा

साहित्यसमीक्षक त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुताची जी व्याख्या केली तिचा गाभा म्हणजे दोलायमानता: हे खरंच घडतंय की भास आहे, याचा निवाडा वाचकाला करता येत नाही तोवरच अद्भुत टिकतं. तुम्ही मात्र डार्क फँटसी, म्हणजे काळोखी अद्भुतकथा, लिहिता आहात. तिथे कधीतरी निवाडा द्यावाच लागतो, आणि पाण्याखाली खरोखर काही आहे असंच उत्तर द्यावं लागतं. वाचकाला ते उशिरा कळू द्या. तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत हवं.

इथे रहस्यकथेशी भांडण लागतं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यातला दुसराच नियम अतिमानवी शक्तींना हद्दपार करतो. कारण रास्त आहे: भूत काहीही करू शकत असेल तर वाचकाने तर्क कशाच्या आधारावर लढवायचा? यावर उपाय नॉक्स मोडण्याचा नाही, भुताला नियम लावण्याचा. फँटसी लिहिणारे कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ च्या एका लेखात म्हटलं त्याचा मथितार्थ असा की, वाचकाला जादू जितकी कळलेली असेल तितकीच ती पेच सोडवायला वापरता येते. भीती निर्माण करायला मात्र न कळलेली जादू चालते. तेव्हा आपल्या पाण्याचे नियम तीनच ठेवू. ज्याचं नाव मोजणीत मोठ्याने उच्चारलं गेलं त्याला ते शिवत नाही. ज्याला कोणी मोजलं नाही तो त्याचा. आणि मोजणी गावाच्या हद्दीत असलेल्या प्रत्येकाला लागू.

तिसरा नियम पुन्हा वाचा. गावात मुक्कामाला असलेली प्रगणक सगळ्यांना मोजते, तिला आणि तिच्या मुलीला त्या गावात कोण मोजतं? दहा मूर्खांची गोष्ट इथे परत येते. उकल अशी आधीच सांगितलेल्या नियमातून निघाली पाहिजे.

चौथी पायरी: गावाचा नकाशा, आणि मोबाइलचं काय करायचं

नकाशा हाताने काढा. सुंदर नको, उपयोगाचा हवा. कुणाच्या खिडकीतून कुणाचं दार दिसतं? पाणी कोणत्या बाजूने येईल? शाळेतून बंधाऱ्यावर जायला किती मिनिटं? रात्री कुठे दिवा असतो? या चार प्रश्नांच्या उत्तरांतून निम्मे प्रसंग आपोआप सुचतात.

रेंज गेली, बॅटरी संपली, हे आता कुणी मानत नाही. फोन चालू ठेवा आणि निरुपयोगी करा. मीरा पोलिसांना काय सांगणार? ‘इथे एक जण जास्त आहे’? तुटलेपण रस्त्याचं असण्यापेक्षा न पटणाऱ्या बोलण्याचं असेल तर जास्त बोचतं. मैत्रिणीला पाठवलेल्या फोटोत तो मुलगा स्पष्ट दिसतो आणि ती उलट विचारते, ‘मग?’

काळही आखून घ्या. मोजणीला दहा दिवस. त्यापेक्षा लांबलं तर धाक उरत नाही.

पाचवी पायरी: सत्य आधी, कादंबरी नंतर

एका कागदावर खरं काय घडलं ते तारीखवार लिहा, कादंबरी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून. आपल्या गोष्टीत: दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीलाही मीराची आईच आली होती. तिला एका घरात सहा वर्षांचा, नाव नसलेला मुलगा दिसला. तिने ओळ लिहिली. रात्री गावातली माणसं येऊन बसली. सकाळी तिने ती ओळ खोडली आणि बेरीज दुरुस्त केली. आता तो मुलगा मीराच्याच वयाचा आहे. हाक मारायची वेळ आली तर लोक त्याला ‘ए’ म्हणतात.

मग दुसरा कागद: प्रत्येक पात्रापुढे तीन रकाने. याला काय माहीत आहे, हा काय लपवतो, आणि हा स्वतःची समजूत कशी घालतो. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र पुठ्ठ्याचं आहे, काढून टाका. आईचा तिसरा रकाना मी असा भरेन: ‘एक ओळ खोडली, दोनशे बारा माणसं झोपली.’

धागेदोरे पेरताना एका निष्कर्षासाठी तीन तरी धागे ठेवा, कारण वाचक एक विसरतो, एक चुकीचा लावतो. आणि ते गावाच्या नेहमीच्या जगण्यात लपवा. मुलांच्या खेळातलं मोजणीचं गाणं ‘सहा’नंतर सरळ ‘आठ’वर जातं, वाचक त्याला लोकगीताची शोभा समजून पुढे जातो. जुन्या नोंदवहीतली खाडाखोड मीराला पहिल्याच आठवड्यात दिसते, पण अक्षर आईचं आहे हे ती वाचकाच्या देखत लक्षात घेत नाही. डोळ्यांसमोर होतं आणि सुटलं, असं वाचकाला शेवटी वाटलं पाहिजे. मागून आणलेला पुरावा कुमारवयीन वाचक माफ करत नाही. त्या बाबतीत तो मोठ्यांपेक्षा कडक असतो.

सहावी पायरी: मराठी क्रियापदापासून सावध राहा

हा भाग सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा रेंगाळते. आपलं क्रियापद चुगलखोर आहे. मी बाई आहे हे मी सांगितलेलं नाही. ‘विचार करत होते’ने पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं. अंधारात बंधाऱ्यावर ‘कोणीतरी आला’ लिहिलंत की निम्मे संशयित सुटले.

पळवाटाही भाषेतच आहेत. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं: ‘कोणीतरी दार उघडलं’, ‘त्या हाताने कंदील विझवला’. इथे करणारा बाई की पुरुष, काही कळत नाही. नपुंसकलिंग तर या प्रकारासाठीच घडवल्यासारखं आहे: ‘कोणीतरी आलं’, ‘ते वळलं’. माणसाबद्दल बोलताना अचानक नपुंसकलिंग आलं की वाचक दचकतो, आणि का दचकला ते त्याला सांगता येत नाही. ती दचक जपून वापरा, दोन-तीनदाच.

दुसरं हत्यार म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. किती भाषांना हा भेद करताच येत नाही! गावातली म्हातारी पहिल्या दिवशी मीराला म्हणते, ‘आमच्यात मोजत नाहीत, पोरी.’ सातव्या दिवशी, तितक्याच मायेने, ‘आपल्यात असंच असतं.’ कोणी काही केलेलं नाही. एक सर्वनाम बदललं, आणि मीरा करारात सामील झाली. लक्ष देऊन वाचणाऱ्याला इथे रहस्य उलगडू शकतं. उलगडू द्या, त्याचा तो हक्क आहे.

नात्याच्या हाकांचंही तेच. परक्याला आपण सहज मामा, मावशी म्हणतो. ज्या गावात सगळेच तुमचे मामा आहेत तिथे आरडाओरडा करून मदतीला बोलवायचं कुणाला?

निवेदन मीराच्या तोंडी असेल तर बोली ठेवा, पण तिला चाळिशीचं शहाणपण देऊ नका. ‘तेव्हा मला काय ठाऊक होतं’ हे वाक्य खोडा. प्रौढांच्या आणि कुमारांच्या भयकथेत फरक भीतीच्या प्रमाणाचा नसतो, अंतराचा असतो: कुमारकथेत निवेदक अजून त्या पाण्यातच उभी असते.

सातवी पायरी: भीतीचा क्रम

अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात या इंग्रज भयकादंबरीकार लेखिकेने धास्ती आणि भीषणता यांत फरक केला आहे. येऊ घातलेल्याची धास्ती मन जागं करते; समोर मांडलेलं भयंकर दृश्य त्याला गोठवतं. कादंबरीचा तीन चतुर्थांश भाग धास्तीवर चालवा. रक्त एकदाच.

पहिला खटका भर दिवसा आणि क्षुल्लक असू द्या:

‘मीरा शाळेच्या वऱ्हांड्यात अर्ज लावत बसली होती. आत पाढे चालले होते. खुंट्यांवर दप्तरं होती, सवयीने मोजली. तेवीस. आत डोकावली. बावीस मुलं.

“बाई, एक दप्तर जास्त आहे.”

“कुठलं?” बाईंनी फळ्यावरून नजर काढली नाही. पाढाही थांबला नाही.

ती परत बाहेर आली तेव्हा दप्तरं बावीसच होती. शेवटच्या खुंटीखालची धूळ तेवढी पुसली गेली होती.’

इथे ‘भयाण’, ‘गूढ’, ‘थरकाप’ यांपैकी एकही शब्द नाही. पहिल्या खर्ड्यात असे शब्द येतीलच. दुसऱ्यात ते शोधून काढायचे.

खटक्यांच्या मध्ये गावाचं प्रेम दाखवा, आणि ते खोटं ठेवू नका. मीराला त्या गावात राहावंसं वाटलं पाहिजे. रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये परीकथांच्या घडणीतल्या ३१ क्रिया मांडल्या. सुरुवातीच्या तीन अशा: घरातलं कुणीतरी दूर जातं, मनाई केली जाते, मनाई मोडली जाते. तुमची मनाई मायेने केलेली असू दे. धमकावलेली मनाई मोडायला धाडस पुरतं. मायेने केलेली मोडताना आतून तुटतं.

आठवी पायरी: वाचकाचं वय

साधारण बारा ते अठरा. या वयात मरण, हिंसा, मोठ्यांचा विश्वासघात हे सगळं लिहिता येतं, फक्त तपशील चघळायचे नाहीत. एका बाबतीत मी हट्टी आहे: मुलाने स्वतःचा बळी देणं सुंदर करून दाखवू नका. ‘ए’ हा मुलगा शेवटी स्वतःहून पाण्याकडे निघतो असा प्रसंग मोहात पाडेल, वाचक रडेलही. पण असं केलंत तर गावाचा करार बरोबर होता, असं तुमची कादंबरी म्हणते.

आणि उकल मुलांनीच करायची. ऐनवेळी गाडी घेऊन येणारा अधिकारी नको.

नववी पायरी: शेवट

तीन शेवट टाळा. सगळं जळून जाणं, सगळा भास निघणं, आणि नायिका जन्मापासूनच निवडलेली असणं. करार मोडला तर त्याचा फायदाही जायला हवा, नाहीतर गाव इतकी वर्षं उगाच घाबरत होतं असं होतं. आपल्या गोष्टीत मीरा दहाव्या रात्री बंधाऱ्यावर उभी राहून सगळ्यांची नावं मोठ्याने वाचते. ‘ए’ला त्याने स्वतः निवडलेलं नाव देते. आईचं नाव घेताना अडखळते, पण घेते. शेवटी स्वतःचं. आता मोजदादीबाहेर कोणी नाही, पाण्याला देण्याजोगं काही उरलं नाही, आणि पाणी येतं. माणसं टेकडीवर चढून वाचतात. गाव वाचत नाही. सकाळी म्हातारी मीराकडे बघून म्हणते, ‘आमचं घर होतं तिथे.’ सर्वनाम परत गेलं.

आईला माफी मिळते का? मी ते उघडं ठेवेन. तुम्ही ठेवलंच पाहिजे असं नाही.

दहावी पायरी: खर्डा आणि परीक्षा

इंग्रजीत अशा कादंबऱ्या साधारण ५० ते ८० हजार शब्दांच्या असतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. ४५ हजार झाले तरी हरकत नाही. रोज पाचशे धरले तर तीन महिने. पहिला खर्डा होईपर्यंत मागे जाऊन दुरुस्ती करू नका. बदल वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा.

मग चौदा-पंधरा वर्षांचे तीन वाचक गाठा. नातेवाईक नकोत, ते छानच म्हणतात. ‘आवडलं का’ असं विचारू नका. त्यांना पेन्सिल द्या आणि दोनच खुणा करायला सांगा: आईला माहीत होतं असा संशय जिथे आला तिथे फुली, आणि पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं तिथे आडवी रेघ. तिघांच्या फुल्या पहिल्या पन्नास पानांत असतील तर एक धागा उपटा. एकाचीही फुली नसेल तर ‘आपल्यात असंच असतं’ हे वाक्य परिच्छेदाच्या मधून काढून शेवटी आणा. रेघा बहुतेक वेळा तिथेच येतात जिथे तुम्ही राक्षसाचं वर्णन केलंय.